राजाची घोडचाल

1814 साली मुंबईत बुद्धिबळावर एक छोटे इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे ते भाषांतर होते. ठरावीक मोहऱ्यांनी, ठरावीक चालींत मात कशी द्यायची, अशी कोडी त्यात होती. हे लेखन युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतले आहे, असे पुस्तकाच्या नावातच सांगितले होते. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावांची पेशवाई चालू होती. राज्य जायला अजून चार वर्षे होती. पटावरचा कायदा बदलायला मात्र सुरुवात झाली होती.

पुढची दीडशे वर्षे मराठी मुलखात बुद्धिबळाचे दोन कायदे शेजारी शेजारी नांदले. एक ‘देशी’, दुसरा ‘विलायती’. पुढे दुसऱ्याला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणू लागले. पट तोच, चौसष्ट घरे तीच, बत्तीस मोहरी तीच. तरीही एका पद्धतीत वाढलेला खेळाडू दुसऱ्या पद्धतीच्या खेळाडूपुढे बसला की पहिल्या चार चालींत वाद ठरलेला. शहरांत हा वाद आधी मिटला. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत तो बराच काळ रेंगाळला आणि शेवटी कोणी निकाल न देताच संपला. कोणता कायदा बरा, यापेक्षा एक कायदा टिकला आणि दुसरा विरला हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

देशी कायद्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. काही ठिकाणी राजा, वजीर आणि हत्ती यांच्यापुढच्या प्याद्यांना दोन घरांची सवलत असे, पण सरसकट नाही. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) नव्हता. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. मात्र त्याआधी त्याला शह बसलेला नसावा. एकदा शह बसला की घोडचाल गेली. बऱ्याच ठिकाणी पट मांडताना राजासमोर राजा न येता राजासमोर वजीर येई. काही गावांत सुरुवातीला दोघेही आपापल्या अर्ध्या पटात लागोपाठ अनेक चाली करून फौज मांडून घेत आणि मगच एकेक चालीचा डाव सुरू होई.

खरा फरक शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा होता. विलायती कायद्यात त्याचा थेट वजीर करता येतो, पहिला वजीर पटावर शाबूत असला तरी. देशी कायद्यात प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोहोचले, तेच मोहरे होई: हत्तीच्या रांगेत हत्ती, उंटाच्या रांगेत उंट. तेही ते मोहरे आधी मेलेले असेल तरच. नाहीतर प्याद्याने अलीकडच्या घरात थांबून राहायचे. घोड्याच्या रांगेत घोडा झालेल्या प्याद्याला काही ठिकाणी त्याच क्षणी घोड्याची एक उडी बक्षीस मिळे. सगळी फौज कापली जाऊन एकटा राजा उरला तर डाव बरोबरीत सुटे आणि हरणाऱ्याची लाज राखली जाई. त्यामुळे जिंकणाऱ्यालाही जपून कापाकापी करावी लागे. समोरच्याचे शेवटचे मोहरे मारणे म्हणजे हातचा विजय घालवणे. प्याद्याने मात देणे ही सर्वांत मानाची जीत. प्यादेमात झालेला माणूस आठवडाभर तोंड लपवून फिरे.

यवतमाळ जिल्हा या गोष्टीत येतो तो एका विशेष कारणाने. हा मुलूख वऱ्हाडचा. 1853 पर्यंत निजामाच्या कारभाराखाली, नंतर इंग्रजांच्या. 1905 मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, तेव्हा जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापूस, जिनिंग आणि मूर्तिजापूरला जोडणारी शकुंतला रेल्वे यांच्यामुळे बाजाराशी संबंध वाढला, तरी गावची करमणूक गावातच राहिली. कापूस वेचून झाला आणि उन्हं तापू लागली की ओसरीवर, पारावर पट मांडला जाई. कायदा कोणता, हे कुठल्या पुस्तकात पाहायचे नसे. गावातला म्हातारा खेळाडू सांगेल तो कायदा.

दिग्रसकडच्या माझ्या आजोळी आबाजींचा पट कापडाचा होता. त्यात काळे-पांढरे चौकोन नव्हते. एकाच रंगाच्या कापडावर शिवणीच्या रेघा आणि काही घरांत फुलीसारखी खूण. मोहरी लाकडी, हाताळून गुळगुळीत झालेली. मामाचा मुलगा अमरावतीला कॉलेजात शिकायला गेला आणि सुटीत आला तेव्हा त्याने पहिल्याच चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. आबाजींनी काही न बोलता ते एक घर मागे घेतले. पुढे त्याने राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले, तेव्हा मात्र ते म्हणाले, “राजा अन् हत्ती एकाच वेळी कसे चालतीन रे? हा कोन्या गावचा कायदा?” मुलाने सांगितले, “आबाजी, हा साऱ्या जगाचा कायदा आहे.” त्यावर आबाजींनी विचारले, “मंग जगाले घोडचाल कावून नाही देली?” तो डाव पुरा झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा बसले. सकाळी देशी डाव, दुपारी विलायती, असे ठरले. घरोघरी हा तह थोड्याफार फरकाने असाच झाला असणार.

आबाजींच्या प्रश्नामागे अभिमान होता आणि तो पोकळ नव्हता. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लासा’त या खेळाचे वर्णन आहे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळावर लिहिले, त्यांचे घराणे पैठणहून काशीला गेलेले. एवढा जुना वारसा असताना साहेबाचा कायदा का मानायचा, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण ज्या कायद्याला आपण देशी म्हणत होतो, त्यातही एक मोठी दुरुस्ती होऊन गेली होती. जुन्या खेळातला वजीर दुबळा होता. तिरपे एक घर, बस्स. आडवा, उभा, तिरपा कितीही घरे धावणारा वजीर युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला आणि अभ्यासकांच्या मते तिकडूनच पुढे आपल्या पटावर पोहोचला. आपल्या पूर्वजांनी तो उचलला, प्यादे मात्र एकाच घराचे ठेवले, घोडचालही ठेवली. म्हणजे देशी कायदा हीसुद्धा एके काळची सुधारून घेतलेली आवृत्तीच होती. तेव्हाही कोणीतरी नव्या वजिराला नाक मुरडले असेल.

दोन कायद्यांची पहिली मोठी भेट बंगालात झाली. जॉन कॉक्रन हा कलकत्त्यातला स्कॉटिश बॅरिस्टर आपल्या काळातल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. 1848 च्या सुमारास त्याला मुफस्सलात हरत नसलेल्या एका ब्राह्मण खेळाडूची, महेशचंद्र बॅनर्जींची, खबर लागली. तो महेशचंद्रांना कलकत्त्यात घेऊन आला आणि पुढे अनेक वर्षे दोघांचे शेकडो डाव झाले. महेशचंद्र विलायती कायद्याने खेळत, पण हात देशी होता. ते प्यादी घाईने मध्यावर दामटत नसत. एकेक घर सरकवून घोड्यापुढचे प्यादे वर घेत, उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवत आणि समोरच्याला मध्य व्यापू देऊन मग त्यावर मारा करत.

1855 मधला त्यांचा एक डाव आजही अभ्यासला जातो. कॉक्रनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. महेशचंद्रांनी घोडा काढला, त्या घोड्याच्या मूळ रांगेतले प्यादे एक घर सरकवले, तिसऱ्या चालीला वजिरापुढचे प्यादे थेट समोर भिडवले आणि उंट कर्णावर आणला. ही मांडणी युरोपात प्रतिष्ठित झाली ती 1922 मध्ये, ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डच्या नावाने. महेशचंद्रांनी ती सदुसष्ट वर्षे आधी खेळली होती. डाव मात्र ते हरले. कॉक्रनने घोडा बळी देऊन दुहेरी शह दिला, मग वजीरही दिला आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात केली. एका बाजूला वेगाचा कायदा, दुसऱ्या बाजूला सबुरीचा; त्या दिवशी वेग जिंकला. पण सबुरीची ती मांडणी जगाने ठेवून घेतली. आज ‘इंडियन डिफेन्स’ म्हणून जे प्रकार जगभर खेळले जातात, त्यांचे नाव या संस्कारावरूनच पडले.

इकडे महाराष्ट्रात देशी खेळ लेखणीवाचून राहिला असे नाही. 1893 मध्ये पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबलक्रीडा’ प्रसिद्ध झाले. एच. जे. आर. मरे यांनी 1913 च्या आपल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात भारतातल्या कायद्यांचे प्रकार नोंदवले, तेव्हा असे एतद्देशीय ग्रंथ त्यांच्या उपयोगी पडले. तरीही नोंद झाली ती ठळक प्रकारांची. बाकी गावागावचे बारीकसारीक कायदे तोंडीच राहिले, आणि ही उणीव पुढे महागात पडली.

देशी डावाचा सर्वांत मोठा मोहरा पंजाबात जन्मला. मीर सुलतान खान वडिलांकडून देशी पद्धत शिकले होते. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्यांना आश्रय दिला, विलायती कायदा शिकवायची व्यवस्था केली. 1928 मध्ये ते अखिल भारतीय स्पर्धा जिंकले आणि 1929 मध्ये लंडनला पोहोचले. त्याच उन्हाळ्यात ते ब्रिटिश विजेते झाले. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. त्यांच्या डावांची सुरुवात कच्ची असे, कारण सुरुवातीच्या शास्त्राचा सगळा ग्रंथभार युरोपीय भाषांत होता आणि तो वाचण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. पण डाव मध्यावर आला, मोहरी कमी झाली की त्यांची पकड सुटत नसे. प्यादे एकेक घर जपत नेण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला अंतिम भाग शिकवावा लागला नाही. त्याच उमर हयात खानांच्या घरातल्या फातिमा 1933 मध्ये ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या, हेही इथे नोंदवले पाहिजे.

सुलतान खान त्याच वर्षाअखेरीस परतले. 1935 मध्ये त्यांचा सामना वि. का. खाडिलकर या मराठी खेळाडूशी झाला. दहा डावांत खाडिलकरांच्या वाट्याला एकच बरोबरी आली. त्यानंतर सुलतान खान स्पर्धांतून जवळपास नाहीसे झाले. 2024 मध्ये, मृत्यूनंतर सुमारे सहा दशकांनी, जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

सुलतान खानांच्या यशाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने लावता येण्यासारखा होता. देशीचे कैवारी म्हणू शकत होते, पाहा, आमच्या कायद्यात वाढलेला माणूस जगाला भारी पडतो. नव्याचे कैवारी म्हणू शकत होते, पाहा, तो जगाला भेटला तो जगाच्या कायद्याने. मला दुसरे म्हणणे अधिक निर्णायक वाटते. सुलतान खानांनी घोडचालीने कापाब्लांकाला हरवले नाही. कापाब्लांकापुढे बसण्यासाठी त्यांना घोडचाल सोडावी लागली होती.

स्वातंत्र्यानंतर पारडे झपाट्याने फिरले. 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 मध्ये आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. पहिल्या राष्ट्रीय विजेत्यांत एक मराठी माणूस होता. तरी 1960 च्या दशकापर्यंत देशात ठिकठिकाणी स्थानिक कायदेच चालत. 1961 मध्ये देशाचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झालेले मॅन्युएल एरन यांनी आंतरराष्ट्रीय पद्धत देशभर रुजवण्यात मोठा वाटा उचलला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि मुलांच्या पिढ्या घड्याळ लावून, चाली लिहून खेळायला शिकवल्या. भाग्यश्री साठे तिथूनच पुढे आल्या आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

या काळात देशी डावाच्या बाजूने जे बोलले जाई, त्यात तथ्य होते. प्यादे एकच घर चालते म्हणून फौज मांडायला उसंत मिळते. पाठ केलेल्या सुरुवातींवर कोणी डाव मारून नेत नाही. मेलेलेच मोहरे परत येते, म्हणून शेवट जास्त कसोटीचा होतो. एकट्या राजाला मारत नाहीत, यात खेळाची एक नीती आहे. उलट बाजूचे म्हणणे थोडक्यात होते: तुमच्या गावाबाहेर तुमच्याशी खेळणार कोण? आणि इथेच देशी कायदा उघडा पडे, कारण देशी कायदा एक नव्हताच. दारव्ह्याचा खेळाडू पुसदला गेला तर त्याला आधी विचारावे लागणार: कोणती प्यादी दोन घरे चालतात, घोडचाल शह बसल्यावर जाते की नाही, एकट्या राजाचे काय? डाव मांडण्याआधी कायदे मांडायचे. नवा कायदा छापील होता आणि वणीपासून व्हिएन्नापर्यंत एकच होता. तो जिंकला तो जास्त रंगतदार होता म्हणून नाही. त्याने जास्त माणसे एका पटावर आणली म्हणून.

युरोपातही हे सरळ झाले नाही. इटलीने किल्लेकोटाची आपली वेगळी रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सोडली नव्हती. परदेशी खेळाडूंशी सामने वाढले तशी तीही सुटली. शिवाय नवा कायदा आला म्हणजे सगळे वाद मिटले असेही नाही. 1976 मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय तेरा, राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरली, तेव्हा हरकत घेतली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्पष्ट करावे लागले की महिलांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदापासून रोखता येणार नाही. तिची थोरली बहीण वासंती 1974 ची पहिली राष्ट्रीय महिला विजेती. पटावर कोण कसे चालेल, याइतकाच पटापुढे कोण बसेल हाही कायद्याचा प्रश्न असतो, हे त्या घराने दाखवले.

खेळाच्या नव्या आवृत्तीवरून चाहत्यांत उठणारे वादळ आजच्या तरुणांना वेगळ्या नावाने ओळखीचे आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, पात्रे घेऊन, फासे टाकत खेळायचा कथाखेळ 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्याची वंशावळ मागे नेली तर ती बुद्धिबळापाशीच पोहोचते: 1780 मध्ये जर्मनीत हेलविगने बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धखेळ केला, 1824 मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने त्याला सैनिकी शिक्षणाचे रूप दिले, त्यातून छंदाचे युद्धखेळ आणि त्यांतून हा खेळ. त्याची चौथी आवृत्ती 2008 मध्ये आली तेव्हा चाहते दुभंगले. ज्यांना ती रुचली नाही, त्यांच्यासाठी 2009 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने जुन्या नियमांवरच ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला आणि तो जोरात चालला. मग मूळ कंपनीने 2012 पासून नवे नियम आधी खेळाडूंच्या हाती देऊन त्यांची मते मागवली आणि 2014 मध्ये पाचवी आवृत्ती काढली. 2024 मध्ये तीही सुधारली.

तिथे जुने टिकले, कारण ते लिहिलेले होते आणि दुसऱ्याने वापरावे अशी परवानगीही खुली होती. नव्याचा कंटाळा आलेल्याला जुने पुस्तक उघडता येत होते. आबाजींपाशी पुस्तक नव्हते. त्यांचा कायदा त्यांच्या आठवणीत होता आणि समोर बसणारा माणूस बदलला की तो कायदा वापरातून जात होता. देशी डावाचा पराभव वादात झाला नाही; खेळाडू म्हातारे होत गेले आणि नियम त्यांच्याबरोबर गेले.

नव्या कायद्याने विदर्भाला काय दिले, हे सांगायला नको. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती देशाची 88वी ग्रँडमास्टर झाली. तिचे वय तेव्हा एकोणीस. नागपूर ते बाटुमी हा रस्ता एका कायद्यामुळे मोकळा झाला. त्या कायद्याशी भांडण धरण्यात अर्थ नाही.

पण जिंकलेल्या आवृत्तीने हरलेल्या आवृत्तीची नोंद ठेवू नये, असे कुठे आहे? यवतमाळ जिल्ह्यात देशी डाव खेळलेली माणसे अजून भेटतील, सत्तरी-ऐंशीच्या घरातली. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत: तुमच्याकडे पट कसा मांडत, कोणते प्यादे दोन घरे चाले, घोडचाल कधी जाई, प्याद्याचे मोहरे कसे होई, एकट्या राजाला काय न्याय? गावाचे नाव, सांगणाऱ्याचे वय आणि उत्तरे. शाळेच्या मुलांना सुटीत हे काम सहज जमेल आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्याची एक वही राहील. बुद्धिबळाचे वर्ग चालवणाऱ्यांनी महिन्यातून एक दुपार मुलांना या कायद्याने खेळू द्यावे. एकच घर चालणारी प्यादी जपत नेताना महेशचंद्र आणि सुलतान खान यांची सबुरी कुठून आली, ते त्यांना आपोआप कळेल. हे काम या पिढीत झाले नाही, तर पुढच्या पिढीत हे कायदे सांगणारे कोणी उरणार नाही.